६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेला निष्कर्ष

२३ सप्टेंबर २०११ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ऑपेरा या प्रयोगाचे दारिओ ऑतिएरो यांनी एक व्याख्यान दिलं. त्यातला दावा एका वाक्यात मावणारा होता: सर्नमधून सोडलेले न्यूट्रिनो (नगण्य वस्तुमानाचे, खडकातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण) सुमारे ७३० किलोमीटर दूर, इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोहोचतात, आणि तेवढ्या अंतराला प्रकाशाला जो वेळ लागला असता त्याच्या ६० नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) आधी पोहोचतात. नऊ महिन्यांनी हा दावा रीतसर निकालात निघाला. एक केबल नीट बसलेली नव्हती म्हणे. लोक हसले, आणि आज ज्यांना प्रकरण आठवतं त्यांना ती केबलच आठवते.

तर्काच्या दृष्टीने मात्र केबल सापडण्याआधीचे महिने जास्त मोलाचे आहेत. पाठ्यपुस्तकांतले तर्कदोष बहुधा मुळातच मूर्ख वाटणाऱ्या माणसांच्या तोंडी घातलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ‘आपण असं कधी करणार नाही’ याची खात्री वाटते. इथे दीडशेहून अधिक शास्त्रज्ञ होते, हेतू प्रामाणिक होता, गणित बरोबर होतं आणि युक्तिवाद वैध होता. तरी निष्कर्ष खोटा निघाला.

दावा कशावर उभा होता

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, याच्या पलीकडे मूळ कल्पनेत काही नव्हतं. अंतर होतं ७,३१,२७८ मीटर, चूक फार तर २० सेंटिमीटरची. एवढं अंतर कापायला प्रकाशाला साधारण २.४४ मिलिसेकंद लागतात. न्यूट्रिनो त्याहून ६०.७ नॅनोसेकंद लवकर आले, म्हणजे ते प्रकाशाशी शर्यत लावून १८ मीटर पुढे होते. वेगातला फरक ४०,००० भागांत एक भाग. मोजलेल्या घटना होत्या १६,१११, आणि त्या २००९ ते २०११ या काळात गोळा केलेल्या होत्या.

मोजमापातली काळजी बघून आजही थक्क व्हायला होतं. ६ एप्रिल २००९ च्या लाक्विला भूकंपाने डोंगराखालचं यंत्र ७ सेंटिमीटर सरकलं, तेसुद्धा त्यांच्या नोंदींत दिसतं. दोन ठिकाणची घड्याळं जीपीएसने जुळवलेली होती, आणि ती जुळणी स्वित्झर्लंड व जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थांकडून तपासून घेतली होती. पण प्रयोगशाळा १,४०० मीटर खडकाखाली आहे. तिथे जीपीएस पोहोचत नाही. म्हणून वेळेचा संकेत वर पकडायचा आणि ८.३ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून खालच्या मुख्य घड्याळाकडे आणायचा, अशी सोय होती.

आता हा सगळा खटाटोप युक्तिवाद म्हणून लिहून पाहू. अंतर इतकं आहे. न्यूट्रिनो अमुक क्षणी निघाले. अमुक क्षणी पोहोचले. दोन्ही क्षण दाखवणारी घड्याळं एकमेकांशी जुळलेली आहेत. म्हणून वेग प्रकाशाहून जास्त आहे. पहिली चार आधारविधानं, शेवटचा निष्कर्ष. आधारविधानं सगळी खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, म्हणून युक्तिवाद वैध. वैधता फक्त एवढंच सांगते. आधारविधानं खरी आहेत का, याबद्दल ती गप्प असते, आणि बऱ्याच वादांत ‘तर्क बिनचूक आहे’ या प्रशस्तीचा अर्थ लोक ‘म्हणजे म्हणणं खरं आहे’ असा घेतात. ते दुसरं प्रशस्तिपत्र वेगळं मिळवावं लागतं.

शिवाय घड्याळांचं विधान लिहायला एक आहे, पण त्याच्या पोटात कितीतरी विधानं आहेत. अँटेना नीट आहे, तंतूतून संकेत यायला लागणारा वेळ पूर्वी मोजला तेवढाच आजही आहे, जोडणी घट्ट आहे, खालच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचा दोलक, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारा भाग, ठरल्या गतीने चालतो आहे. ही पोटविधानं सहसा कुणी उच्चारत नाही. न्यायदर्शनात यासाठी उपाधीची कल्पना आहे: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. नियम वाटतो अग्नी आणि धुराचा, पण तो चालतो न बोललेल्या अटीवर.

एकच ‘जर–तर’, दोन टोकं

व्याख्यानानंतर जो वाद पेटला तो एका सोपाधिक विधानाभोवती फिरत होता: जर हे मोजमाप बरोबर असेल, तर न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगवान आहेत. एक बाजू म्हणाली, मोजमाप बरोबर आहे, म्हणून ते वेगवान आहेत. दुसरी म्हणाली, प्रकाशापेक्षा वेगवान काही असू शकत नाही, म्हणून मोजमाप चुकलेलं आहे. पहिल्यांनी पूर्वांग (‘जर’चा भाग) मान्य करून उत्तरांग (‘तर’चा भाग) मिळवलं, दुसऱ्यांनी उत्तरांग नाकारून पूर्वांग नाकारलं. दोन्ही युक्तिवाद पूर्णपणे वैध आहेत! तर्कशास्त्राच्या नियमांनी इथे निवाडा होत नाही. जर–तरवर दोघांचंही एकमत आहे, म्हणून ते वादाबाहेर ठेवायचं, आणि उरलेल्या दोन विधानांपैकी कुणाच्या पाठीशी किती भक्कम आधार आहे ते तोलायचं.

दुसऱ्या बाजूवर पोथीनिष्ठपणाचा आरोप सहज करता येतो. ‘आइन्स्टाइनने सांगितलंय म्हणून’ एवढंच कुणी म्हणत असेल तर तो अधिकाराचा नुसता दाखला झाला आणि आरोप योग्यच ठरतो. पण त्या बाजूकडे याहून बरंच काही होतं. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं दूर फुटलेल्या एका ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवरच्या तीन वेगवेगळ्या यंत्रांनी टिपले होते. संख्या जेमतेम दोन डझन. ते प्रकाशाच्या सुमारे तीन तास आधी आले, आणि त्याला कारण आहे: स्फोटाचा धक्का गाभ्यापासून ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो, न्यूट्रिनो त्याआधीच निसटतात. ऑपेराने मोजलेला जादा वेग या न्यूट्रिनोंना लावला तर ते तीन तासांऐवजी चार वर्षांहून अधिक आधी यायला हवे होते.

हा पुरावा मला विशेष आवडतो, कारण त्यात ऑपेराचं एकही आधारविधान वापरलेलं नाही. घड्याळ वेगळं, अंतर वेगळं, यंत्रं वेगळी, माणसंही वेगळी. मात्र त्याने प्रश्न मिटत नाही. ताऱ्याचे न्यूट्रिनो ऑपेराच्या न्यूट्रिनोंपेक्षा हजारपटीहून कमी ऊर्जेचे होते, तेव्हा जादा वेग फक्त मोठ्या ऊर्जेला दिसतो अशी पळवाट उरत होती. ऑपेराने आपल्याच घटना कमी आणि जास्त ऊर्जेच्या गटांत विभागून पाहिल्या होत्या. वेगात ठळक फरक नव्हता. पळवाट अरुंद झाली, बंद झाली नाही.

मग अँड्र्यू कोहेन आणि शेल्डन ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांनी वेगळ्या बाजूने पकडलं. न्यूट्रिनो खरंच एवढे वेगवान असतील तर ते वाटेत इलेक्ट्रॉन–पॉझिट्रॉनच्या जोड्या फेकत ऊर्जा गमावतील, आणि ग्रान सासोला पोहोचेपर्यंत मोठ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो जवळपास उरणारच नाहीत. त्याच डोंगराखाली, तोच झोत पकडणारा इकॅरस नावाचा शेजारी प्रयोग होता. त्याच्या नोंदींत अशी घट दिसली नाही. दाव्याला मानून चालायचं, त्यातून काय निघायला हवं ते काढायचं आणि ते तपासायचं, ही टीकेची सर्वात सभ्य रीत आहे. यात ऑपेराच्या माणसांबद्दल एक शब्दही काढावा लागत नाही.

चटकदार पण कच्चे युक्तिवादही सुचण्यासारखे होते, आणि ते दोन्ही बाजूंना. उदाहरणार्थ: जीपीएसच्या घड्याळांत आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या दुरुस्त्या केलेल्या असतात, मग त्याच घड्याळांनी सापेक्षता खोटी कशी ठरवणार? ऐकायला बिनतोड वाटतं. पण उपग्रहांच्या घड्याळांना ती दुरुस्ती तंतोतंत लागू असूनही न्यूट्रिनोंपुरता अपवाद असू शकतो; त्यात व्याघात नाही. ऑपेराच्या बाजूने अमेरिकेतल्या मिनॉस प्रयोगाचा २००७ चा निकाल पुढे येत होता. तिथेही ७३४ किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो १२६ नॅनोसेकंद आधी आल्यासारखे दिसले होते. पण मिनॉसची मोजमापातली अनिश्चितता इतकी मोठी होती की त्या गटाने स्वतःच त्यातून काही निष्कर्ष काढला नव्हता. ज्याने स्वतः साक्ष दिली नाही त्याला साक्षीदार म्हणून उभं करणं बरं नव्हे.

सहा सिग्मा म्हणजे काय नव्हे

सर्वात जास्त गोंधळ या आकड्याने घातला. फरक सहा सिग्मा (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या अपेक्षित चुकीचं माप) होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता अब्जात दोनच्या आसपास. इथून ‘दावा चुकीचा असण्याची शक्यता अब्जात दोन’ इथे उडी मारायला मनाला क्षणही लागत नाही, आणि उडी चुकीची आहे. ‘दावा खोटा असता तर असा आकडा दिसण्याची शक्यता’ आणि ‘असा आकडा दिसल्यावर दावा खोटा असण्याची शक्यता’ ही दोन वेगळी विधानं आहेत. जर आणि तर यांची अदलाबदल केली की अर्थ बदलतो, मग वाक्यात टक्केवारी असो वा नसो.

दुसरी मेख याहून खोल आहे. मूळ निकालात दोन चुका दिलेल्या होत्या: सांख्यिकीय ६.९ नॅनोसेकंद, आणि पद्धतशीर, म्हणजे यंत्रणेतून येणारी, ७.४ नॅनोसेकंद. सहा सिग्मा हा आकडा दोन्ही धरून काढलेला होता, तेव्हा यंत्रणेचा विचारच केला नाही असं म्हणता येणार नाही. पण पद्धतशीर चुकीचा अंदाज यादी करून काढतात. अंतराची एवढी, प्रकाशतंतूची एवढी, इलेक्ट्रॉनिक्सची एवढी. यादीत जे आलंच नाही त्याची चूक शून्य धरली जाते, आणि ती शून्य धरलेली आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. नंतर जी चूक सापडली तिचा आकार ७३ नॅनोसेकंदांच्या घरातला, मान्य केलेल्या पद्धतशीर चुकीच्या जवळजवळ दहापट. घटना १६,१११ ऐवजी सोळा लाख असत्या तर सांख्यिकीय चूक आणखी घटली असती, आकड्याचा रुबाब वाढला असता आणि घड्याळ जिथे होतं तिथेच राहिलं असतं.

नोव्हेंबरचा फेरतपास

सप्टेंबरच्या निकालावर एक रास्त आक्षेप होता. सर्नमधून प्रोटॉन १०.५ मायक्रोसेकंद लांबीच्या स्पंदांत सोडले जात, आणि त्यांच्यापासून न्यूट्रिनो जन्मत. कोणता न्यूट्रिनो स्पंदातल्या नेमक्या कोणत्या क्षणी जन्मला हे कळत नव्हतं. हजारो घटनांचा आलेख स्पंदाच्या आकारावर बसवून वेळ काढलेली होती. त्या बसवण्यातच घोळ असला तर? यावर ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्नने सुमारे तीन नॅनोसेकंदांचे आखूड स्पंद सोडले. आता प्रत्येक घटनेचा जन्मक्षण स्पष्ट होता. अशा फक्त २० घटना मिळाल्या आणि उत्तर आलं ६२.१ नॅनोसेकंद.

‘फेरतपासात दावा टिकला’ अशा बातम्या झाल्या. काय टिकलं होतं? ‘न्यूट्रिनो अमुक क्षणी निघाले’ हे एक आधारविधान. तेवढं खरोखर पक्कं झालं, आणि ऑपेराच्या निवेदनात चुकीची एक शक्यता दूर झाली एवढंच म्हटलं होतं. पोहोचण्याचा क्षण दाखवणारं घड्याळ तेच, तंतू तोच, जोडणीही तीच. घड्याळाबद्दलच्या विधानाला या चाचणीने स्पर्शही केला नव्हता. उलट मला वाटतं की दोन्ही वेळा ६० च्या आसपासच उत्तर येणं ही स्थिर चुकीचीही खूण मानायला हरकत नव्हती. योगायोग असता तर आकडा हलला असता. न हलणारी गोष्ट निसर्गाचा नियम तरी असते किंवा यंत्राचा दोष तरी.

पुनरावृत्तीचं वजन किती धरायचं, याचं उत्तर या एका प्रसंगात आहे. दुसऱ्यांदा मोजताना पहिल्या वेळच्या कोणत्या गोष्टी बदलल्या ते विचारावं. जी बदलली नाही तिच्याविषयी दुसरं मोजमाप काहीही सांगत नाही, मग ते वीसदा करा की वीस हजारदा. एकाच बातमीदाराकडून आलेली बातमी दहा वर्तमानपत्रांत छापून आली तरी साक्षीदार एकच.

या सगळ्या काळात ‘अजून कुणालाही चूक सापडलेली नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू येत होतं. सापडली नाही म्हणून नाही, हा अज्ञानावर उभारलेला युक्तिवाद म्हणून दोष मानतात. नेहमीच तो दोष असतो असं मात्र नाही. शोध असा असेल की चूक असती तर सापडलीच असती, तर न सापडणं हा चांगला पुरावा असतो. म्हणून ‘शोधलं का?’ याच्यापुढे जाऊन ‘त्या जागी शोधलं का, आणि त्या शोधात ती दिसण्यासारखी होती का?’ इथपर्यंत यावं लागतं. मापनसंस्थांनी तपासलेला भाग जमिनीवरच्या जीपीएस जुळणीचा होता. बिघाड त्याच्या पुढच्या टप्प्यात होता.

ऑपेराच्या गटाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘सापेक्षता चुकली’ असं त्यांच्या निबंधात कुठेही नाही. निकालाचा सैद्धांतिक अर्थ आपण मुद्दाम लावत नाही, असं त्यांनी तिथेच नोंदवलं होतं. मथळ्यांनी जो दावा खोडला तो पुष्कळदा मथळ्यांनीच केलेला होता. निकाल जाहीर करावा की नाही यावर गटात मतभेद होते, काहींनी निबंधावर नाव घालायचं टाळलं. माझ्या मते जाहीर करणं चूक नव्हतं. आपली शंका आपल्याच्याने फिटत नाही म्हणून ती इतरांपुढे ठेवणं हा विचाराचा भाग आहे. पुढे हसू झालं यावरून मूळ निर्णयाची पारख करणं हाही एक दोषच, फक्त तो इतका सर्वमान्य आहे की कुणाला टोचत नाही.

केबल, आणि तिच्यानंतरचा प्रश्न

फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन बिघाड जाहीर झाले. प्रकाशतंतूची मुख्य घड्याळाशी असलेली जोडणी पुरती घट्ट बसलेली नव्हती. त्यामुळे कमी प्रकाश पोहोचत होता, पलीकडच्या संवेदकाला ठरावीक पातळी गाठायला जास्त वेळ लागत होता आणि घड्याळाला संकेत सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा मिळत होता. घरातलं घड्याळ मागे पडलेलं असेल तर पाहुणा वेळेआधी आल्यासारखा वाटतो, तसे न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसत होते. दुसरा बिघाड उलट्या दिशेचा: यंत्रातला दोलक जरा जलद चालत होता आणि त्याने प्रवासाची वेळ सुमारे १५ नॅनोसेकंद जास्त दाखवली जात होती. ७३ वजा १५, म्हणजे ५८.

आकडा जुळला की डोकं शांत होतं. पण इथे थांबणंही घाईचं ठरलं असतं. ‘केबल सैल असेल तर ६० नॅनोसेकंदांचा फरक दिसेल, फरक दिसला, म्हणून तो केबलनेच’ हे उत्तरांगावरून पूर्वांगाकडे जाणं आहे आणि ते अवैध आहे. शिवाय नको असलेलं उत्तर येत असेल तोवर शोधत राहायचं आणि हवं ते आल्यावर शोध थांबवायचा, ही वृत्ती शास्त्रज्ञांतही असते. समजा जोडणी घट्ट होती आणि फक्त दोलकाचा बिघाड होता. १५ नॅनोसेकंदांचा किरकोळ उशीर बघून कुणी यंत्र उघडलं असतं का? मला शंका आहे.

म्हणून खरा निर्णायक पुरावा मी केबलला मानत नाही. तो शेजारच्या एलव्हीडी या यंत्राकडून आला. अंतराळातून येणारे काही म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण) डोंगरातून जवळजवळ आडवे येत एलव्हीडी आणि ऑपेरा या दोन्ही यंत्रांतून जातात. दोहोंत अंतर १६० मीटर, म्हणजे दोन्हींच्या नोंदींतला वेळेचा फरक वर्षानुवर्षं तोच राहायला हवा. जुन्या नोंदी काढून पाहिल्या तर ऑगस्ट २००८ ते डिसेंबर २०११ या काळात तो ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेला होता, आधी आणि नंतर नव्हता. या तपासात सर्न नाही, ७३० किलोमीटर नाहीत, न्यूट्रिनोही नाहीत. ज्या एका आधारविधानावर संशय होता तेवढंच वेगळं काढून तपासलेलं आहे. आणि या नोंदी वाद चालू असताना उपलब्धच होत्या.

मार्च २०१२ मध्ये इकॅरसने त्याच आखूड स्पंदांतल्या आपल्या सात घटना जाहीर केल्या, वेळ प्रकाशाएवढीच. महिन्याच्या अखेरीस ऑपेराचे प्रवक्ते अंतोनियो एरेदितातो आणि ऑतिएरो यांनी पदं सोडली. मे महिन्यात पुन्हा आखूड स्पंद सोडले गेले आणि ८ जून २०१२ रोजी क्योटोच्या परिषदेत सर्नचे सर्जिओ बर्तोलुची यांनी ग्रान सासोतल्या चारही प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले. चौघांनाही प्रकाशाच्या वेगापासून फरक आढळला नव्हता.

ऑपेराचा दुरुस्त केलेला आकडा ६.५ नॅनोसेकंद आहे, आणि त्याच्या दोन्ही अनिश्चितता त्याहून मोठ्या आहेत. यावर ‘न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने जातात हे सिद्ध झालं’ असं लिहिलेलं वाचायला मिळतं. तेही या आकड्यांतून निघत नाही. न्यूट्रिनोंना अत्यल्प का होईना वस्तुमान आहे, त्यामुळे ते प्रकाशापेक्षा किंचित हळू असले पाहिजेत. या अंतरावर तो फरक नॅनोसेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही लहान आहे. काही नॅनोसेकंदांपर्यंतच बघू शकणाऱ्या यंत्रणेला त्याबद्दल होकारही देता येत नाही आणि नकारही.